नामदेवभाऊंचा जलमार्ग

मला पोहता येतं. माझ्यात एवढा एकच गुण आहे, असं नामदेवभाऊ हटवारांचं मत होतं आणि एकवीस वर्षांच्या शेजारात त्यांनी ते कधी लपवून ठेवलं नाही. भिलाईच्या टाउनशिपमध्ये आमची क्वार्टरं भिंतीला भिंत लागून. मी शाळेत भूगोल शिकवायचो. दुनियाभरच्या नद्या, खिंडी, सामुद्रधुन्या मला तोंडपाठ होत्या, पण त्याची भाऊंना काडीची किंमत नव्हती. "मास्तर, तुमचा नकाशा भिंतीवर असते. पानी जमिनीवर असते," असं म्हणून ते माझा विषय निकालात काढत. तरीही शिवनाथ नदीपासून थेट पुरीपर्यंत नावेने जायचं त्यांनी ठरवलं, तेव्हा पहिल्यांदा ते माझ्याच दारात उभे राहिले. त्यांना स्वतःला पोहता येत नव्हतं.

"भाऊ, पोहता येत नाही आणि नदीत निघालात?" मी विचारलं.

"तीस वर्सं क्रेनवर बसलो मी. उडता येत होतं का मले?"

मी आत जाऊन पिशवी भरायला घेतली.

भाऊ पोलादाच्या प्लांटमध्ये क्रेन ऑपरेटर होते. भट्टीच्या शेडमध्ये वर, छताशी लागून असलेल्या केबिनमध्ये बसायचं आणि खाली वितळलेल्या लोखंडाने भरलेली बादली इकडून तिकडे न्यायची. बादली म्हणजे आपल्या न्हाणीघरातली नव्हे, तीत आख्खा ट्रक बुडाला असता. तीस वर्षं वरून खाली पाहून त्यांची मान कायमची तशीच राहिली होती. अंगाने बुटके, पण बोलताना हनुवटी छातीला टेकवून बघायचे. त्यामुळे त्यांच्यापेक्षा वीतभर उंच माणसालाही आपण खोल कुठेतरी उभे आहोत असं वाटायचं. माझी मुलगी लहानपणी त्यांना घाबरायची. नंतर तिला कळलं की या काकांच्या खिशात नेहमी शेंगदाणे असतात.

क्रेनचा एक नियम त्यांच्या हाडीमाशी खिळला होता. खालच्या माणसाने हात केल्याशिवाय क्रेन हलत नाही. ऑपरेटरला वरून सगळं दिसत असलं तरी हलत नाही. घरातही तोच कायदा. स्कूटर अंगणातून मागे काढायची तर वहिनींनी फाटकाशी उभं राहून हात दाखवायचा. कणीक मळत असल्या तर कणकेच्या हाताने दाखवायचा. एकदा वहिनी चार दिवस माहेरी गोंदियाला गेल्या आणि भाऊ चारही दिवस पायी हिंडले. सुपेल्याच्या चौकात मात्र त्यांचा चेहरा उजळायचा. तिथे ट्रॅफिकचा हवालदार हात करतो आणि बाकीची भिलाई त्या हाताकडे पाहून न पाहिल्यासारखं करते. भाऊ एकटे त्याच्याकडे टक लावून थांबत आणि निघताना दोन बोटं कपाळाला लावत. हवालदार प्रत्येक वेळी मागे वळून बघायचा की मोठा साहेब तर आला नाही ना.

दुसरा कायदा शब्दाचा. "लोड उचलला का मंग ठेवाच्या जागीच ठेवाचा. मधात सोडता येत नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. कुम्हारीच्या एका टपरीवाल्याने त्यांना गार झालेला चहा दिला. भाऊ म्हणाले, "आता तुह्या कुम्हारीत पान्याचा घोटबी घेनार नाही." टपरीवाला हसला आणि विसरून गेला असेल. भाऊ विसरले नाहीत. मे महिन्यात एकदा आम्ही बसने रायपूरला निघालो होतो. कुम्हारीत गाड्यांची रांग लागली आणि बस दीड तास जागची हलेना. माझ्या हातात पाण्याची बाटली होती. भाऊंचे ओठ सुकले होते, पण बाटलीला त्यांनी हात लावला नाही. शेवटी ते बसमधून उतरले, उन्हात चालत खारून नदीचा पूल ओलांडून पलीकडे गेले, तिथल्या हापशावर पाणी प्यायले आणि बस येईपर्यंत तिथेच उभे राहिले. टपरीवाल्याला याचा पत्ताही नव्हता. मला राग आला होता, हसू आलं होतं, आणि खरं सांगायचं तर थोडी भीतीही वाटली होती.

अशा माणसाने पोटच्या पोराला शब्द दिला तर काय होणार?

सुनील त्यांचा एकुलता एक. डिप्लोमा झालेला, प्लांटमध्ये अप्रेंटिस म्हणून लागलेला. भाऊंची छाती तेव्हा हनुवटीला येऊन भिडली होती. वर्षभरात पोराने जाहीर केलं की त्याला स्वयंपाकात रस आहे आणि पुरीच्या एका हॉटेलात त्याला काम मिळालं आहे. भाऊ आठ दिवस बोलले नाहीत. निघायच्या दिवशी मी आणि वहिनी पोराला पोचवायला पावर हाउस स्टेशनवर गेलो, तर मागून भाऊ आले. गाडी फलाटाला लागली होती. सुनील पाया पडला आणि म्हणाला, "बाबा, एक बार येऊन तं पाहा, मी काय करतो ते."

भाऊंनी मान आणखी खाली घातली. "तुह्या दारात मी रेल्वेत बसून येनार नाही. मोटारीत बसून येनार नाही. विमानात बसून येनार नाही. सांगून ठेवतो."

रागाच्या भरातही माणूस एवढा पद्धतशीर असू शकतो, हे मी तेव्हा पाहिलं. फलाटावर तीसचाळीस माणसं होती, दोन हमाल होते, एक भजीवाला होता. सगळ्यांनी ऐकलं. सुनीलचा चेहरा उतरला. गाडी गेली. वहिनी घरी येईपर्यंत रडल्या आणि पुढचा महिनाभर नवऱ्याशी माझ्यामार्फत बोलल्या. "मास्तर, यायले सांगा, भाजीत मीठ पाहाले."

तीन वर्षं अशीच गेली. सुनीलचं लग्न पुरीतच झालं, तिथलीच मुलगी. भाऊ गेले नाहीत. कसे जाणार? मग एका सकाळी फोन आला, मुलगी झाली. वहिनींनी मुद्दाम स्पीकर सुरू केला. भिंतीपलीकडून मलाही ते बाळाचं रडणं ऐकू आलं. भाऊ उठून बाहेर गेले. पुढचे चार दिवस ते रोज स्कूटरने दुर्गच्या बाजूला शिवनाथच्या काठी जाऊन बसत होते. पाचव्या दिवशी माझ्याकडे आले.

"मास्तर, ही शिवनाथ कुठी जाते?"

"महानदीला मिळते."

"अन् महानदी?"

"समुद्राला."

"अन् तोच समुद्र पुरीले लागते. किनाऱ्याकिनाऱ्यानं गेलं तं."

निवृत्तीनंतर भेटलेला हा पहिला हुशार विद्यार्थी. मी खूश होऊन नकाशा पसरला आणि महानदीच्या खोऱ्यावर बोलू लागलो. बराच वेळ बोलल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रेल्वे, मोटार, विमान. रागाच्या भरात त्या दिवशी नाव तेवढी राहून गेली होती.

वहिनींना हे कळलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "अजी, पोरासमोर शब्द मागं घेतला तं नाक कापलं जाते का?"

"शब्द मागं नाही घेऊन राहिलो मी. बाजूनं जाऊन राहिलो."

"जा बाजूनं. तुमी पोचाच्या आधी पोट्टी शाळेत जाईन. मी आपली रेल्वेनं जातो. म्या कोनाले शब्द नाही देला." आणि त्या खरंच पुढच्या आठवड्यात मेथीचे लाडू घेऊन रेल्वेने पुरीला गेल्यासुद्धा. संध्याकाळी बसल्या, सकाळी पोचल्या.

नाव सुपेल्यातल्या एका वेल्डिंगच्या दुकानात तयार झाली. लाकडाची करा, असं ज्याने त्याने सांगितलं. "लाकडाले मी ओळखत नाही," असं म्हणून भाऊंनी लोखंडी पत्रा आणला. तिला शेतातल्या पंपाचं इंजिन बसवलं. सुरू झालं की दात वाजायचे. शिवनाथमध्ये नाव सोडायला अर्धा सेक्टर जमला होता. निम्मे लोक नाव बुडताना पाहायला आले होते, आणि मीही मनातून त्यांच्यातच होतो. नाव तरंगली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी भाऊंकडे पाहिलं तर त्यांचे डोळे गच्च मिटलेले.

प्रवासात त्यांनी मला नावेच्या पुढच्या टोकावर बसवलं. काम काय, तर सिग्नल द्यायचा. उजवा हात म्हणजे उजवीकडे, डावा म्हणजे डावीकडे, मूठ म्हणजे थांबा, आणि हात वर करून हलवला की पूर्ण वेगाने पुढे. समोर नदी सरळ वाहताना स्वच्छ दिसत असली तरी मी हात केल्याशिवाय भाऊ इंजिनाला हात लावत नसत. रोज सकाळी निघण्याआधी काठावर उभं राहून सुरक्षेवर पाच मिनिटं भाषण. प्लांटमध्ये शिफ्टच्या आधी देतात ना, अगदी तसंच. ऐकायला मी एकटा, तरी सुरुवात "साथियों" अशीच. एकदा मी खाली बसून ऐकलं, तर म्हणाले, "पिछे की लाइन, खडे रहो."

सिमग्याच्या पुढे एका घाटावर बायका कपडे धूत होत्या. त्यातल्या एकीने ओरडून विचारलं, "कहां जावत हव गा?" एवढ्या दिवसांनी कुणीतरी आपुलकीने विचारत होतं. मला भरून आलं आणि मी हात वर करून जोरजोरात हलवला.

मागे इंजिनाने आरोळी ठोकली. समोर वाळूचा उथळ पट्टा मला दिसत होता. भाऊंनाही दिसत होता. नाव सरळ वाळूवर चढली, मी पुढच्या पुढे उडून चिखलात बसलो. बायका हसून हसून लोळायच्या बेतात आल्या.

"भाऊ, वाळू दिसली नाही का तुम्हाला?"

"दिसली नं."

"मग?"

"सिग्नल बराबर हाय का नाही, हे ऑपरेटरनं पाहाचं नसते. सिग्नलवाल्याची जिम्मेदारी." आणि मग चिखलात बसलेल्या माझ्यासमोर, घाटावरच्या सगळ्या बायकांच्या साक्षीने, "साथियों, आज की घटना से हमने क्या सीखा" हे भाषण झालं. मी शिकलो ते असं की पुन्हा कुणाच्याही रामरामाला उत्तर द्यायचं नाही. त्यानंतर महानदीच्या दोन्ही काठांवर मी गर्विष्ठ माणूस म्हणून ओळखला गेलो असणार.

नदीत जागोजागी छोटे बंधारे होते. तिथे नाव उचलून पलीकडे न्यावी लागे. लोखंडाची नाव, त्यात इंजिन. पण इथे भाऊ राजे होते. चार बांबू बांधायचे, त्यांना साखळीची पुली लटकवायची आणि गावातले लोक जमवायचे. पहिल्याच बंधाऱ्यावर एका पैलवान गड्याने झटका देऊन साखळी ओढली, तेव्हा भाऊ त्याच्यावर खेकसले, "झटका नको देऊ बे! आत मानूस बसला हाय असं समज." नाव फुलासारखी उतरली. गावकऱ्यांनी आम्हाला जेवू घातलं. जेवताना भाऊंनी ताटाकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "मास्तर, हॉटेलात शंभर मानसाचं वरन एकाच भांड्यात करते का?"

"करत असतील."

"किती वजनाचं भांडं असन?"

मी अंदाजाने दोन्ही हात फाकवून दाखवले.

"उचलते कोन?"

दोन दिवसांनी, नाव चालू असताना, मागून पुन्हा तोच आवाज. "गरम असते नं ते. सांडलं तं पाय भाजते."

मी मागे वळून पाहिलं नाही. तीस वर्षं ज्याने डोक्यावरून वितळलेलं लोखंड नेलं, तो माणूस आता वरणाच्या भांड्याला घाबरत होता. त्या क्षणी मला ते फार आवडले.

असे करत आम्ही हिराकूडच्या जलाशयात शिरलो. केवढं ते पाणी! काठ दिसेना. दोन्ही काठ दिसत नसल्यावर सिग्नल कशाचा देणार? मी हात मांडीवर ठेवून बसलो. भाऊंनी इंजिन बंद केलं. नकाशाप्रमाणे आमचा निम्मा रस्ता झाला होता.

"अर्धं झालं, भाऊ."

"हव. अर्ध्यात आलं का मानसाले दोन्हीकडचं सारखंच दूर दिसते. मी पोचलो तं बोलन का जी तो मह्याशी?"

"तुम्ही काय बोलणार, ते ठरलं का?"

"नाही नं. त्याच्यासाठीच तं एवढी मोठी नदी घेतली. रेल्वेनं गेलो असतो तं एका रातीत का सुचलं असतं?"

मी आजवर त्यांना हट्टी समजत होतो. त्या दिवशी कळलं की माणूस घाबरलेला आहे आणि वाट लांबवत चालला आहे.

धरण आलं. नाव ट्रकवर घालून पलीकडे नेऊन पुन्हा नदीत सोडायची होती. ट्रक ठरवला, बांबू-पुलीने नाव वर चढवली, दोर बांधले. मी भाऊंकडे पाहिलं. मोटारीत बसून येणार नाही, हा शब्द होता. ते आरामात ट्रकवर चढले, नावेत जाऊन आपल्या जागी बसले, नारिंगी लाइफ जॅकेट घातलं आणि छत्री उघडली.

"मी नावेत बसलो. नाव कशावर बसली हे मले का मालूम?"

मी हसून हसून खाली बसलो. तेवढ्यात भाऊंचा फोन वाजला. वहिनींचा होता. भाऊंनी तो माझ्याकडे दिला, छत्रीमुळे एकच हात मोकळा होता म्हणून.

"मास्तर, कुठी हाय तुमी? सुनील उद्या निघून राहिला. मस्कतले. तिथल्या हॉटेलात लागला, व्हिसा लवकर आला. पहाटे पाचची गाडी हाय. दोन वर्सं येत नाही आता." मग आवाज खाली आला. "थो दरवाज्याकडं पाहून राहिला सकाळपासून. म्हनत नाही काही. यायले सांगा."

मी सांगितलं. भाऊंनी छत्री मिटली आणि पुन्हा उघडली. मग ट्रकच्या ड्रायव्हरला विचारलं, "पुरी चलोगे?"

ड्रायव्हरने हिशेब केला. आता दुपारचा एक. जायला तयार होता, नऊ वाजेपर्यंत पोचवतो म्हणाला. "लेकिन ऊपर आदमी बैठेगा तो बीस से ज्यादा नहीं चलाऊंगा, बाबा. गिर गए तो मैं अंदर." विसाच्या चालीने किती तास लागतील, हे कळायला भूगोलाचा मास्तर लागत नव्हता. पाचची गाडी निघून जाणार होती.

"इथीच बसतो," भाऊ म्हणाले. "तुमी समोर बसा मास्तर, ड्रायव्हरच्या बाजूले. तुमचा काही शब्द नाही."

समोर एकाच माणसाची जागा होती. मी म्हणालो की बांबू, पुली आणि सामान घेऊन मी मागून बसने येतो. सामान काही फार नव्हतं. पण ती जागा रिकामी राहावी, असं मला वाटलं. भाऊंनी हनुवटी छातीला टेकवून माझ्याकडे पाहिलं.

ट्रक निघाला. वर नाव, नावेत ताठ बसलेले भाऊ, अंगावर नारिंगी जॅकेट, डोक्यावर काळी छत्री. रस्त्याकडेच्या लोकांनी हात जोडले, त्यांना वाटलं असावं की कुठल्या तरी देवाची स्वारी चालली आहे. ट्रक बैलगाडीसारखा चालला होता. एक सायकलवाला, मागे दुधाचे कॅन बांधलेले, घंटी वाजवत त्यांना ओलांडून पुढे गेला. भाऊंनी त्याच्याकडे मान वळवून पाहिलं.

वळणापाशी ट्रक थांबला. मला वाटलं, दोर सुटला. मी धावायला लागलो, पण चार पावलांवरच थांबलो. भाऊ उभे राहिले होते. त्यांनी छत्री मिटली. जॅकेट काढलं, त्याची घडी केली, ती नावेत आपल्या जागेवर ठेवली. मग कमरेला हात लावत, एकेक पाय टेकवत ते खाली उतरले. ट्रकला वळसा घालून डाव्या बाजूला गेले. दाराची कडी धरून क्षणभर तसेच उभे राहिले. मग दार उघडून आत चढले आणि ड्रायव्हरच्या शेजारी बसले. ट्रकने वेग घेतला तेव्हा रिकामी नाव वर गदगदा हलत होती.

भाऊंना मी पाहिलं ते हे शेवटचं. पुरीला न जाता मी संबलपूरहूनच माघारी फिरलो. पुढे सून आणि नात एकट्या आहेत म्हणून भाऊ आणि वहिनी पुरीलाच राहिले, आणि मी मुलीकडे नागपूरला आलो. त्या वळणावर मात्र मी, चौतीस वर्षं पोरांना दटावलेला मास्तर, हातात साखळीची पुली धरून भर दुपारी रस्त्यात रडलो. सांगायला लाज कसली?

रात्री नऊ वाजून गेल्यावर मी संबलपूरच्या स्टँडवरून वहिनींना फोन लावला. "पोचले," त्या म्हणाल्या. "जेवून राहिले."

"काय बोलले दोघं?"

"काही नाही बोलले. सुनील वाढून राहिला, हे खाऊन राहिले. मधात एकदा त्याचे हात उलटेपालटे करून पाहिले, कुठी भाजलं का म्हून. ठेवतो मी मास्तर, भात मांगून राहिले."